गोगोच्या वतीनं

मचिंगुरांच्या घरातलं माणूस गेलं की मुचानेताच्या घराण्यातल्या कुणीतरी जायचं, गेलेल्याचे कपडे अंगावर चढवायचे, त्याच्यासारखं चालायचं, त्याच्यासारखं खोकायचं आणि जमलेल्या गोतावळ्याला त्याच्याच तोंडून चार खऱ्या गोष्टी सुनवायच्या. मुचानेताचं घराणं मचिंगुरांचं साहविरा. पणजोबांनी कधीतरी जोडलेलं नातं, रक्ताचं नसून रक्ताहून घट्ट. सोयऱ्यांना जे बोलता येत नाही, भावांची जे बोलायची छाती होत नाही, ते साहविरानं बोलायचं. ते कितीही झोंबलं तरी मचिंगुरांनी रागवायचं नाही. रागावला त्याला दंड. आणि साहविरानं हो म्हटल्याशिवाय शवपेटी दाराबाहेर निघत नाही.

मुचानेताचा बाप जेरेमाया या कामात इतका तरबेज की गुटूच्या पंचक्रोशीत मचिंगुरांकडची मयत कुणी चुकवत नसे. एकदा त्यानं मेलेल्या काकांची पँट घालून त्यांच्या तीन बायकांसमोर चौथीचं नाव घेतलं होतं. बायका आधी किंचाळल्या, मग हसत हसत खाली बसल्या आणि मग खऱ्या रडल्या. तोवर नुसता आवाज काढत होत्या.

हा जेरेमाया दोन वर्षांपूर्वी गेला. मुलगा जोहान्सबर्गला. त्यानं फोनवर सांगून टाकलं, "ताई, तूच बघ आता, मला रजा मिळत नाही." झालं, घराण्याचा वारसा फोनवर देऊन मोकळा! आणि दिला कुणाला, तर मुचानेताला. जिनं जन्मात कधी कुणाला उलटून उत्तर दिलं नाही तिला.

मास्विंगोत मुचेके वस्तीच्या बाजारात तिचं पत्र्याचं दुकान आहे. शाळेचे गणवेश शिवते. वय एक्कावन्न, नवरा गेलेला, मुलगी तापिवा लग्न होऊन बुलावायोला. बसच्या कंडक्टरनं थांबा चुकवला तर ही पुढच्या थांब्यावर उतरून मुकाट मागे चालत येणार. गिऱ्हाईक माप देताना पोट आत ओढून धरायचं, नंतर कपडा घट्ट झाला म्हणून हिलाच ओरडायचं, आणि ही उसवून पुन्हा शिवायची. लोक तिला गरीब स्वभावाची म्हणायचे. माणूस मूग गिळून बसला की जगाला तो फार आवडतो, ही जगाची जुनी लबाडी आहे.

पहिलं काम अंगावर आलं ते मचिंगुरांचे धाकटे काका गेले तेव्हा. मुचानेतानं काकांची टोपी घातली, काठी घेतली, अंगणाच्या मधोमध उभी राहिली. समोर दोनशे माणसं. तिची दातखीळ बसली. तोंड उघडायची आणि मिटायची. कुणीतरी मागून म्हणालं, "साहविरा आहे की तंबूचा खांब?" तेवढ्यावर माणसं हसली. त्या दिवशीचा एकुलता एक विनोद, तोही तिच्यावरच. ती टोपी तशीच डोक्यावर ठेवून कणगीमागे पळाली. मचिंगुरांचा थोरला, ओबर्ट, हरारेत ज्याचे बारा ट्रक चालतात तो, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "जाऊ द्या. पुढच्या वेळी आपण हरारेहून चांगला माणूस बोलावू."

कणगीमागे तिला शोधत आली ती ओबर्टची आई. गोगो. सगळं गाव तिला आजी या अर्थानं गोगोच म्हणायचं. ती हातानं भिंत चाचपत आली, कारण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले. मुचानेताच्या डोक्यावर हात फिरवला तर हाताला टोपी लागली.

"अगं बाई! मला वाटलं दीरच परत आले," गोगो म्हणाली. "उठ. तुझा बाप मला शब्द देऊन गेलाय. आता तो तुझ्यावर आहे."

"कसला शब्द, गोगो?"

"मी मेल्यावर माझी पोरं माझ्यावर खोटं रडतील. आईनं काय मागितलं आणि काय मिळालं ते तू सांगायचंस. त्यांच्या तोंडावर. खोट्या रडण्याखाली मला पुरू देऊ नकोस."

"माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, गोगो. पाहिलंत ना आत्ता?"

"मी काय पाहणार? मला दिसतं कुठे?" गोगो म्हणाली आणि स्वतःच खो खो हसली. "फुटव शब्द. मला घाई नाही, पण फार वेळही नाही."

आता हे डोळ्यांचं काय होतं ते सांगायलाच हवं, नाहीतर मुचानेताच्या पोटात आग का पेटली ते कळणार नाही. गावापासून बसनं दीड तासावर मिशनचा दवाखाना आहे. तिथे दर पावसाळ्यानंतर डोळ्यांचे डॉक्टर येतात, मोतीबिंदू काढतात, दोन रात्री ठेवून घेतात आणि माणूस आपल्या पायानं घरी येतो. गावातल्या सात म्हाताऱ्या डोळस होऊन आल्या. गोगोही निघाली होती, पिशवी भरून. तेवढ्यात ओबर्टचा फोन. "आई, त्या फुकटच्या दवाखान्यात माझी आई रांगेत बसली तर लोक काय म्हणतील? मी सुट्टीत येतो, तुला हरारेच्या मोठ्या डॉक्टरकडे नेतो." म्हातारीनं पिशवी रिकामी केली. सुट्टी आली, गेली. ईस्टर आला, गेला. ओबर्ट आला नाही. एक भला मोठा फोन आला, ज्यात एकमेकांचे चेहरे बघून बोलता येतं. आंधळ्या आईला चेहरे बघायचा फोन! पाठवणाऱ्याला लाज वाटली नाही, पण ऐकणाऱ्याला वाटते.

मुचानेतानं तीनदा विचारलं, "गोगो, मी नेते. उद्याच्या बसनं जाऊ." प्रत्येक वेळी म्हातारी मान हलवायची. "थोरला मुलगा जिवंत असताना साहविरानं नेलं, तर माझ्या पोराची अब्रू जाईल. तो म्हणालाय ना, नेतो. नेईल." असं सहा वर्षं चाललं. आईनं मुलाची अब्रू सांभाळली, आणि मुलानं कुंपणाची नवी भिंत बांधली.

मुचानेता मुचेकेला परतली ती हे सगळं घेऊन. मशीन चालवताना सुई मोडायची, इतका पाय जोरात पडायचा. रात्रंदिवस मनातल्या मनात ओबर्टला सुनवायची, इतकं सुंदर सुनवायची की बाप असता तर शाबास म्हणाला असता. पण तोंड उघडलं की वाळवंट.

तिच्या दुकानामागे नगरपालिकेची जुनी बिअरबाग आहे. दर शनिवारी दुपारी तिथल्या आंब्याखाली एक मुलगी हातात माईक घेऊन उभी राहायची आणि लोक हसायचे. मुलीचं नाव कुंडाई, वय सव्वीस. आठवडाभर फोनच्या फुटक्या काचा बदलायची आणि शनिवारी हे. तिच्यामागून आणखी पाच-सहा जण यायचे, गाडीच्या बॅटरीवर चालणाऱ्या कर्ण्यातून पाच-पाच मिनिटं बोलायचे. मुचानेताला पत्र्यापलीकडून सगळं ऐकू यायचं. ती कात्री थांबवून ऐकायची. एवढीशी पोर, शंभर पिणाऱ्या पुरुषांसमोर, आणि सगळे तिच्या मुठीत!

एका सोमवारी ती फोनच्या टपरीवर गेली. फोन चांगला चालत होता तरी काउंटरवर ठेवला.

"काय झालंय याला, आई?" कुंडाईनं विचारलं.

"याला काही नाही. मला झालंय. मला चार माणसांत बोलता येत नाही. तू शिकवशील?"

कुंडाईनं तिला खालून वर पाहिलं. "आई, मी लोकांना हसवायला शिकते आहे, तेही अजून धड येत नाही. तुम्हाला चर्चमध्ये बोलायचंय का?"

"मयतीत."

"मयतीत हसवायचंय?"

"मी साहविरा आहे."

कुंडाईच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली आला. "अरे देवा. म्हणजे आमच्या धंद्याचे मूळ मालक तुम्ही! या शनिवारी. पाच मिनिटं."

शिकवणी त्या टपरीतच सुरू झाली, गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात. कुंडाईच्या शिकवण्यात गोडवा नव्हता. "स्वतः हसू नका, ते लोकांचं काम आहे." "समजावून सांगू नका. आम्ही मंद नाही." "खरी गोष्ट वाक्याच्या शेवटी ठेवा. तुम्ही आधीच सांगून टाकता आणि मग शेपूट हलवत बसता." आणि सगळ्यांत अवघड, "बोलून झालं की थांबा. गप्प राहा. तीनपर्यंत मोजा. भीती वाटते म्हणून लगेच पुढचं बोलू नका. ज्याला गप्प राहून उभं राहता येतं त्याचंच लोक ऐकतात."

"गप्प राहून उभं राहणं मला येतं," मुचानेता म्हणाली. "तेवढंच येतं."

"नाही आई. तुम्ही गप्प बसता. ते वेगळं."

मग ती दुकानात टांगलेल्या गणवेशांपुढे सराव करू लागली. ओळीनं लटकलेले निळे शर्ट, वर डोकी नाहीत. यापेक्षा सभ्य श्रोते मिळायचे नाहीत. शेजारची भाजीवाली डोकावून म्हणाली, "तापिवाची आई, बरं वाटत नाही का?" मुचानेता म्हणाली, "हसतील त्यांचे दात दिसतील." हे तिनं आयुष्यात पहिल्यांदा कुणाला दिलेलं उत्तर. भाजीवालीनं तोंड वाकडं केलं आणि गेली.

पहिल्या शनिवारी मुचानेतानं माईक धरला, नाव सांगितलं आणि पुढचं सगळं विसरली. कुणीतरी ओरडलं, "आजी, पाणी पाजू का?" ती उतरली. दुसऱ्या शनिवारी दोन मिनिटं टिकली. इतकी भरभर बोलली की लोकांना वाटलं ती बसची गावं सांगतेय. घरी जाऊन रडली, आणि रडणं संपल्यावर तिला राग आला. बापाला हे न शिकता येत होतं आणि तिला या वयात पोरीटोरींच्या हाताखाली शिकावं लागतंय, याचा राग. घरात बापानं कधी मुलाला, कधी पुतण्याला मांडीवर बसवून हे शिकवलं, मुलीला मात्र सांगितलं, मुलींनी हळू बोलावं, याचा राग. मग आता त्याच मुलीच्या गळ्यात का घातलंत? मेलेल्या बापाला तिनं भिंतीकडे बघून हे विचारलं, मोठ्यानं. विचारून झाल्यावर तीनपर्यंत मोजलं.

चौथ्या शनिवारी ती उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या आईबापांना शेजारी फार नावं ठेवायचे. म्हणून मी जन्मले तेव्हा बापानं माझं नाव ठेवलं मुचानेता. 'थकाल तुम्ही.' नाव माझं, निरोप शेजाऱ्यांना." थांबली. एक. दोन. तीन. "एक्कावन्न वर्षं झाली. शेजारी ठणठणीत आहेत. थकलेय मी."

आंब्याखाली हशा फुटला. असा की त्या धक्क्यानं ती एक पाऊल मागे सरली. ज्या जिभेनं पन्नास वर्षं तिला दगा दिला ती आज तिच्या बाजूनं उभी राहिली होती. तो आनंद तिला पचला नाही म्हणा, किंवा जरा जास्तच चढला म्हणा, कारण पुढच्या शनिवारी तिनं घोडचूक केली.

पुढच्या रांगेत चिवासा हेडमास्तर बसले होते. मुचानेतानं त्यांच्याकडे बघूनच सुरुवात केली. "मी गणवेश शिवते. पण मास्तरांच्या शाळेत माझा शर्ट घालून गेलेलं पोर वर्गाबाहेर उभं. का? तर निळा रंग चुकीचा. बरोबरचा निळा फक्त एका दुकानात मिळतो. दुकान मास्तरांच्या बायकोचं." थांबली. मग वर बोट केलं. "आज सकाळी पाहिलं मी. आकाशपण चुकीचं निळं आहे. त्यालाही बाहेरच उभं केलंय."

लोक बाकांवर थापा मारायला लागले. ज्यांची पोरं बाहेर उभी राहिली होती ते तर उभेच राहिले. तेवढ्यात चिवासा उठले. शांतपणे विचारलं, "बाई, तुमचं कूळ कोणतं?"

"सोको."

"आणि माझं शुंबा. तुमचं-माझं साहविराचं नातं कधी जोडलं? माझ्या कुठल्या आजोबांनी तुमच्या कुठल्या आजोबांना माझ्या घरची लाज चारचौघांत काढायचा हक्क दिला?"

आपल्याकडे ही एक गंमतच आहे. चोर उभा राहून कुळाचा प्रश्न विचारतो आणि सगळी सभा त्याच्या बाजूची होते! आत्ता थापा मारणारे बाप मान खाली घालून ग्लासात बघायला लागले. एक म्हातारा म्हणाला, "मास्तरांचं बरोबर आहे. कोंबडी द्यावी लागेल." मास्तरांनी चुकीचा निळा शोधून काढला, वर्षानुवर्षं लोकांची पोरं उन्हात उभी केली, त्याचं काही नाही. तिनं ते बोलून दाखवलं, तर दंड तिला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

रविवारी मुचानेता कोंबडी काखोटीला मारून चिवासांच्या घरी गेली, गुडघे टेकून माफी मागितली. मास्तरांनी कोंबडी उचलून वजनाचा अंदाज घेतला आणि म्हणाले, "जरा बारीकच आहे." हेही तिनं गिळलं. पण गिळताना पहिल्यांदाच तिला जाणवलं की आपल्याला हे गिळता येईनासं झालंय.

कुंडाई तिच्याहून भडकली होती. "माफी कशाला मागितलीत? माईक हातात असला की कुणालाही काहीही बोलता येतं! त्यासाठीच तर तो आहे!"

"तुझ्या माईकला कूळ नाही, पोरी," मुचानेता म्हणाली. "तो आज तुझा, उद्या त्यांचा. चिवासा चोर आहेत, पण त्यांनी विचारलं ते खरं होतं. तिथे बोलायचा हक्क माझा नव्हता." मग म्हणाली, "एक घर आहे, जिथे तो आहे. तिथे कुणी मला कूळ विचारू दे."

जून म्हणजे इथला ऐन हिवाळा, त्या थंडीत गोगो गेली. झोपेतच. मुचानेताला गावातून फोन आला, मचिंगुरांकडून नाही. साहविराला घरच्यांनी स्वतः कळवायचं असतं. शेजारणीकडून कळणं हा अपमान, आणि तो अपमान मुद्दाम केलेला होता. तिनं दुकानाला कुलूप लावलं आणि पहाटेची पहिली बस धरली.

नऊच्या सुमाराला ती अंगणात पोचली. अंगणात पांढरा शुभ्र तंबू. आचारी, सावलीत खुर्च्या, बैलाचं मटण शिजत असलेली काहिली. सगळ्या नातवंडांच्या छातीवर गोगोचा फोटो छापलेला टी-शर्ट. फोटोतली गोगो डोळे बारीक करून कुठेतरी भलतीकडेच बघत होती, कारण फोटो काढणारा कुठे उभा आहे हे तिला दिसलंच नव्हतं. ज्यानं हा फोटो निवडून चाळीस छात्यांवर छापून घेतला त्याला एकदाही वाटलं नाही, की आई अशी का बघतेय? घराच्या आत पेटी. पेटीचं झाकण काचेचं. आणि दाराशी दोन मोठे कर्णे आणि हरारेहून आणलेला सुटातला विनोदवीर. तो सांगत होता, गोगो किती भाग्यवान, असा मुलगा लाखात एक.

ओबर्टनं मुचानेताला पाहिलं आणि दोन्ही हात पुढे करून आला. "आलीस! बरं झालं. हे बघ, या वेळी तुला त्रास नको म्हणून सगळी व्यवस्था केलीय. तू निवांत बस. मक्याच्या पिठाचा गरम साझा तयार आहे, मटण आहे. जेव पोटभर."

मागच्या वर्षीची मुचानेता जेवायला बसली असती. ही सरळ त्याच्या बाजूनं गोगोच्या झोपडीत गेली. धाकट्या सुनेनं काही न विचारता खुंटीवरचा स्वेटर काढून दिला, कोपराला ठिगळ लावलेला, आणि कमरेचं फडकं आणि काठी. देताना सून हळूच म्हणाली, "बोल गं बाई. आम्हाला तर तोंडच नाही."

मुचानेता बाहेर आली तेव्हा तिनं डोळे मिटलेले होते. काठीनं जमीन ठोकत, एक हात हवेत, ती अंगणातून चालत निघाली. गोगोची चाल. डावा पाय जरा फरफटत, ओठ सारखे हलतायत. आधी पोरं ओरडली, "गोगो! गोगो!" मग बायका. मग सगळा तंबू उभा राहिला.

विनोदवीर बोलता बोलता थांबला. ओबर्ट त्याला म्हणाला, "तू चालू ठेव."

"नाही साहेब," तो म्हणाला आणि कर्ण्याचं बटण बंद केलं. "मलाही आईबाप आहेत. साहविराच्या आड मी येणार नाही."

मुचानेता चाचपडत एका जावयाच्या तोंडापर्यंत पोचली, त्याचे गाल दाबले. "हा कोण? गाल ओळखीचे नाहीत. मी पाहिला तेव्हा हाडं होती. कुणाच्या घरचं खातोस रे?" हशा. पुढच्याचं नाक धरलं. "हे माझंच नाक! पण घेऊन गेलास ते परत आणलंच नाहीस." हशा. ती कुठेही घाई करत नव्हती. एक, दोन, तीन, मग पुढचं पाऊल. असं करत करत ओबर्टपाशी आली. त्याच्या सुटाची बाही चाचपली, गळपट्टा चाचपला, पोट चाचपलं, खांदे, कान, डोक्यावरची टोपी.

"हा कोण ते नाही कळत बाई," ती गोगोच्या आवाजात म्हणाली. "काही बोल रे. फोनवर बोलतोस तसं बोल."

ओबर्ट नुसता हसला.

"हो, हो, आता ओळखलं! 'आई, पुढच्या सुट्टीत.' तूच तो! बस बाळा. सुट्टी आली ना शेवटी? मलाच मिळाली."

माणसं हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडली. ती दारातून आत गेली, पेटीच्या काचेवर हात फिरवला आणि बाहेर तोंड करून ओरडली, "अगं बाई, काच! सहा वर्षं मी म्हणतेय, मला जग दिसू द्या. पोरांनी काय केलं? जगाला मी दिसेन अशी सोय केली!"

हा हशा सगळ्यांत मोठा. आणि सगळ्यांत मोठ्यानं हसत होता ओबर्ट. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तो टाळ्या वाजवत दारापाशी आला आणि म्हणाला, "वा! बापाची लेक शोभलीस! हरारेतसुद्धा असं ऐकलं नाही मी." खिशातून पाकीट काढून हात पुढे केला, बक्षीस द्यावं तसा.

तेव्हा मुचानेताला कळलं की आपण काय करून बसलो. ती हसवायची विद्या इतकी नीट शिकली होती की लोकांनी सगळंच हसून संपवलं. म्हातारीचे डोळे, सहा वर्षं, भरून रिकामी केलेली पिशवी, सगळं मटणाबरोबर चवीनं खाल्लं. आणखी थोड्या वेळानं हा पेटी उचलेल, मोकळा होईल आणि घरी जाऊन मित्रांना सांगेल, आमची साहविरा काय हसवते! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. याच्यासाठी कोंबडी दिली? याच्यासाठी शनिवारमागून शनिवार आंब्याखाली मान खाली घातली?

तिनं डोळे उघडले. स्वेटर तसाच ठेवला, काठी मात्र खाली टाकली आणि दाराच्या उंबऱ्यावर मधोमध बसली. पेटी तिच्या पाठीशी, ओबर्ट समोर.

"पाकीट ठेव खिशात," ती स्वतःच्या आवाजात म्हणाली. "आता हसू नकोस."

तरी दोघे-तिघे हसले. त्यांना वाटलं हाही विनोदच.

"गोगोनं तुझ्याकडे काय मागितलं होतं, ओबर्ट?"

"अगं, झालं ना आता. उशीर होतोय. पाद्री थांबलेत."

"थांबू देत. काय मागितलं होतं?"

ती गप्प राहिली. मोजायची गरज उरली नव्हती, तरी तिनं मोजलं. तीन झाले, तीस झाले. पाद्र्यांनी पुस्तक मिटलं. पेटी उचलायला आलेली गणवेशातली सहा माणसं अंगणातच थबकली, त्यांना या रीतीची भीती होती. ओबर्टच्या धाकट्या भावानं "पुरे की" म्हणायला तोंड उघडलं आणि एका म्हाताऱ्या आत्यानं त्याच्या पाठीत धपाटा घातला. "साहविरा बोलतेय. मध्ये तोंड घालशील तर बकरा द्यावा लागेल."

ओबर्टच्या चेहऱ्यावरचं हसू अजून तसंच होतं, पण त्याला आता जागा सापडत नव्हती. तो इकडेतिकडे बघत होता, कुणीतरी हसावं म्हणून. कुणी हसलं नाही. चाळीस छात्यांवरची त्याची आई भलतीकडे बघत होती.

"डोळे," तो शेवटी म्हणाला.

"आणि तू काय केलंस?"

त्याचे ओठ हलले. आवाज कुणाला आला नाही.

"मोठ्यानं," मुचानेता म्हणाली. "तुझ्या आईला दिसत नव्हतं. ऐकू येत होतं."

ओबर्टनं टोपी काढली. बारा ट्रकांचा मालक, छातीवर टोपी धरून, मागच्या वर्षी अंगणाच्या मध्ये ती जशी उभी होती तसा उभा राहिला. मग बोलला, इतक्या मोठ्यानं की कणगीपलीकडे ऐकू गेलं.

"मिशनवाले करत होते, मी जाऊ दिलं नाही. मी नेतो म्हणालो. नेलं नाही."

मुचानेता उंबऱ्यावरून उठली आणि दार मोकळं केलं.